आमचे गावसंग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडी बाजाराला आलेले लोक, शाळांचे शिक्षक, पुनर्वसनाच्या गावांतून येणारी कुटुंबे आणि जुने कागद शोधत फिरणारे अर्जदार आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वस्तू देण्याचा विचार असल्यास किमान त्या संबंधीची उत्तरे आधी वाचावीत, म्हणजे दोन्ही बाजूंचा हेलपाटा वाचेल.

हे संग्रहालय सरकारी आहे का?

नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील आमच्या गावात, ग्रामपंचायतीने वापरासाठी दिलेल्या जुन्या कवेलूच्या (कौलारू) इमारतीच्या दोन खोल्या आणि एक पडवी एवढाच त्याचा पसारा आहे. ते चालवणारी संस्था १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असून तिचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात सादर होतात. शेतकरी, निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, एक सुतार आणि महाविद्यालयात शिकणारी मुले हे काम करतात. पगार कोणालाही नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सारा विदर्भ अजब बंगला म्हणतो, ते १८६३ सालापासूनचे शासकीय संग्रहालय आहे आणि त्याच्याशी आमचा प्रशासकीय संबंध नाही. ताम्रपट, मोठी शिल्पे किंवा शस्त्रास्त्रे पाहायची असतील तर तेथेच जावे. ती आमच्याकडे नाहीत.

संग्रहालय केव्हा उघडे असते आणि शुल्क किती?

रविवारी आणि बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत संग्रहालय उघडे असते. मे महिन्यात कवेलूखालच्या खोल्या दुपारी असह्य तापतात, म्हणून त्या महिन्यात सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ ठेवली आहे. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बहुतेक स्वयंसेवक बांधीत (धानाच्या वाफ्यात) असतात आणि धानाच्या कापणी-चुरण्याच्या काळातही माणूस मिळत नाही. त्या वेळी दारावर लावलेल्या क्रमांकावर आदल्या दिवशी विचारून यावे. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे नाटकांसह होणारी जत्रा, भरते तेव्हा मात्र आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी संग्रहालय रात्री नाटकाचा पडदा उघडेपर्यंत चालू असते. शुल्क नाही, दाराजवळ पेटी आहे.

येथे नेमके काय पाहायला मिळते?

पहिली खोली शेती आणि पाण्याची आहे. वखर, नांगर, चिखलणीची अवजारे, धान कांडण्याची ढेकी, बांबूची सुपे व टोपल्या आणि धान मोजण्याची मापे तेथे मांडली आहेत. मापांपुढे थोडा वेळ थांबावे, अशी आमची शिफारस आहे. वीस कुडोंची एक खंडी हे गणित झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, सर्वांच्या तोंडी होते, परंतु आमच्याकडचे कुडो शेजारीशेजारी ठेवले की एका गावचे माप दुसऱ्या गावच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही हे उघड्या डोळ्यांनी दिसते; आणि मग कर्जाचे धान एका मापाने घेऊन दुसऱ्या मापाने फेडण्याबद्दल म्हातारी माणसे काय बोलतात, याचा अर्थ लागतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्या सुमारास किलो-लिटरचीही अंमलबजावणी सुरू झाली, तरी घरातला कुडो पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिला.

त्याच खोलीत मालगुजारी तलावांचा, म्हणजे मालगुजारांच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या जुन्या तलावांचा, कोपरा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे सहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत, आणि या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. तलावाच्या पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधणीत एकाखाली एक भोके ठेवलेली असत. त्याला तुडूम म्हणतात. ही भोके लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असत आणि पाण्याची पातळी उतरेल तसा वरून खाली एकेक खुंटा काढून पाणी पाटात सोडले जाई. जादा पाणी सलंगावरून (सांडव्यावरून) निघून जाई आणि कोणाच्या बांधीला केव्हा पाणी जाईल हे पाणकर पाही. आमच्याकडे असा एक खुंटा आहे. तो हातभर लांब आहे, एका टोकाला निमुळता आहे, पाण्यात राहून पार काळा पडला आहे आणि वरच्या टोकाला दोरी अडकवण्यासाठी पाडलेली खाच घासून घासून गुळगुळीत झाली आहे. पाहुणे तो पाहून सहसा पुढे सरकतात. त्याच्याखाली लावलेली पाणकराच्या कुटुंबाची हकिकत वाचली की परत फिरून पुन्हा पाहतात.

दुसऱ्या खोलीत घर, बाजार आणि उत्सव आहेत: पितळेचे गुंड आणि गंज ही भांडी, कोशाच्या (टसर रेशमाच्या) विणकामाची साधने, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, दंडारीतील (येथल्या लोकनाट्यातील) वेशभूषेचे साहित्य आणि झाडीपट्टीच्या नाटकांची जुनी हस्तपत्रके. पडवीत बंडीची चाके आणि बुडीत गावांमधून आलेली दारे-चौकटी आहेत, त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

माझ्या घरी जुनी वस्तू आहे. ती संग्रहालयाला द्यायची असल्यास काय करावे?

सर्वप्रथम, वस्तू घेऊन येऊ नये. तिचे छायाचित्र पाठवावे किंवा नुसते येऊन सांगावे, म्हणजे आमच्यापैकी दोघे घरी येऊन ती जागेवर पाहतील. यामागे कारण आहे. ढेकी स्वयंपाकघराच्या कोणत्या कोपऱ्यात होती, तिच्या पायाखालची जमीन किती खोल गेली आहे, तिच्यावर एका वेळी किती बायका उभ्या राहत, वरून धरायला दोरी होती की लाकूड होते, हे ढेकी गाडीत चढवल्यानंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही. नोंद नसलेली ढेकी म्हणजे आमच्या दृष्टीने एक मोठे लाकूड. म्हणूनच वस्तू नाकारून केवळ तिची माहिती आणि छायाचित्रे ठेवली, असेही अनेकदा घडते, आणि त्यात आम्हाला उणेपणा वाटत नाही.

वस्तू स्वीकारायची ठरल्यास दानपत्र केले जाते. त्यात वस्तूचे वर्णन, तिची आजची अवस्था, ती घरात कोणाकडून आली, कोणत्या गावी वापरली गेली आणि देणाऱ्याचे नाव फलकावर लावायचे की नाही, हे लिहिलेले असते. वस्तू वडिलोपार्जित असेल तर सर्व भाऊ-बहिणींच्या सह्या लागतात. याला काही जण कंटाळतात, पण वाटणी न झालेल्या घरातील कोपर (मोठे पसरट भांडे) एका भावाने आणून द्यावा आणि दिवाळीला आलेल्या बहिणीने तो संग्रहालयात पाहून वाद मांडावा, यापेक्षा आधीच्या चार सह्या परवडतात. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक दिला जातो, तो वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूला लिहिला जातो आणि तोच क्रमांक दाखल नोंदवहीत, दानपत्रावर आणि छायाचित्रावर असतो.

कोणत्या वस्तू घेतल्या जात नाहीत?

ज्याची पूजा आजही चालू आहे असे कोणतेही देव, टाक किंवा नवसाच्या वस्तू आम्ही घेत नाही, मग देणारा कितीही आग्रह करो. गावाच्या सीमेवरील किंवा आखरातील (गुरे जमतात त्या मोकळ्या जागेतील) दगडी मूर्ती उचलून आणणे तर पूर्ण वर्ज्य आहे. वन्यप्राण्यांची शिंगे, कातडी व दात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घेता येत नाहीत. आमच्याकडे आधीच असलेल्या वस्तूची दुसरी प्रत, उदाहरणार्थ आणखी एक जाते, आम्ही साधारणपणे घेत नाही, जागाच नाही. पंधरा-वीस जाती देऊ करणारे फोन दरवर्षी येतात.

दिलेली वस्तू पुढे परत मिळते का?

दान केलेली वस्तू परत दिली जात नाही, कारण ती विश्वस्त संस्थेची मालमत्ता होते. ज्यांची मनाची तयारी नाही त्यांनी वस्तू ठरावीक मुदतीसाठी उसनी द्यावी. त्याचा करार वेगळा आहे आणि मुदत संपताच वस्तू घरपोच केली जाते. खरे तर घरात नीट सांभाळली जात असलेली वस्तू घरीच राहावी, असेच आमचे मत आहे.

आणण्यापूर्वी वस्तू घासून-पुसून स्वच्छ करावी का?

कृपया करू नये. पितळ आणि तांबे चिंचेने किंवा राखेने घासल्यावर चकचकीत दिसते, परंतु भांड्यावर कोरलेले नाव, गाव आणि संवत दरवेळी थोडे थोडे झिजत जाते आणि शेवटी बोटालाही लागत नाही. नाण्यांच्या बाबतीत तर घासणे म्हणजे अक्षरे पुसणेच. लाकडाला जवसाचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण ते तेल वाळताना काळपट व चिकट होत जाते, त्यावर धूळ बसते आणि मूळ रंग कायमचा झाकला जातो. वाळवीची शंका असेल तर वस्तू इतर लाकडापासून दूर ठेवून आम्हाला कळवावे.

कागदांबद्दल अधिक काळजी घ्यावी. फाटलेल्या कागदावर चिकटपट्टी लावल्यास तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करणे जवळपास अशक्य असते, आणि हौसेने किंवा भीतीपोटी लॅमिनेशन करून आणलेल्या सनदा पाहून आमच्या जुन्या शिक्षकांना फार वाईट वाटते. कागदाची घडी मोडत असेल तर तो उघडूच नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दोनच महिन्यांनी भिंतींना ओल येते. कागद इतका कोरडा पडून लगेच इतका दमट होणे, हेच त्याच्या नाशाचे मोठे कारण आहे. पत्र्याच्या पेटीपेक्षा लाकडी कपाट त्या दृष्टीने बरे.

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना नाणी, मूर्ती अथवा भांडी सापडली तर ती संग्रहालयात आणता येतील का?

नाही, आणि याबाबत कायदा स्पष्ट आहे. १८७८चा भारतीय गुप्तनिधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास तिची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि माहिती दडवल्यास शिक्षेची तरतूद आहे. लोक भीतीने लपवतात, कारण ‘सरकार घेऊन जाईल’ एवढेच त्यांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात, निधीवर कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश हिस्सा देण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. शासनाला तो निधी ठेवून घ्यायचा असल्यास त्यातील धातूचे मूल्य अधिक त्याचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम द्यावी लागते. अर्ज कसा लिहावा, एवढी मदत आम्ही आनंदाने करू.

शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना, चित्रांना आणि अशा इतर वस्तूंना १९७२चा पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम लागू होतो. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यातील अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते, परवान्याशिवाय विक्रीचा व्यवसाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

कायद्यापलीकडेही एक कारण आहे. आमच्या जवळच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडीचे उत्खनन केले आणि तेथे प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती याची नोंद झाल्यामुळेच त्या स्तूपाचा काळ आणि त्यात झालेले बदल अभ्यासकांना सांगता आले. कुदळीने उकरून पिशवीत घालून आणलेल्या वस्तूबद्दल असे काहीच सांगता येत नाही. म्हणून वस्तू आहे तेथेच राहू द्यावी, मोबाइलने छायाचित्र काढावे, आणि तहसील कार्यालयाला व पोलीस पाटलांना कळवावे.

जात पडताळणीसाठी जुने पुरावे येथे मिळतील का?

हा प्रश्न इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा जास्त वेळा विचारला जातो, विशेषतः दहावी-बारावीच्या निकालानंतर. आमच्याकडील कोणत्याही कागदाची प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि आमचा शिक्का मारलेली झेरॉक्स जात पडताळणी समितीपुढे चालणार नाही. मात्र कोठे जावे हे सांगू शकतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. त्यासाठी विदर्भात सर्वांत उपयोगी पडते ते कोतवाल बुक, म्हणजे कोतवालाने ठेवलेली गावातील जन्म-मृत्यूची नोंद. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागावे. त्याखेरीज आजोबा-पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत शिकले तेथील दाखल-खारीज नोंदवही आणि जमीन महसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळचे अधिकार अभिलेख पाहावेत. अर्ज करताना गावाचे जुने नाव, साझा (तलाठ्याचे कार्यक्षेत्र) आणि कुटुंबातील ज्येष्ठांची त्या वेळची नावे लिहून न्यावीत, कारण कोतवाल बुकात बहुधा आडनाव नसते.

आमच्या कागदावर ‘मध्य प्रदेश शासन’ असा शिक्का आहे. तो आमच्याच गावचा आहे का?

बहुधा आहे. आपला भाग पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यामुळे एकाच शेताच्या कागदांवर दहा-बारा वर्षांत तीन राज्यांची नावे दिसतात. त्यातच मध्य प्रदेशच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गावकऱ्यांच्या चराई, सरपण, पाणी इत्यादी हक्कांची निस्तार पत्रके तयार झाली. असा कागद घरात असल्यास तो रद्दीत घालू नये. जुना गोंदिया ‘जिल्हा भंडारा’ म्हणून शोधावा, कारण गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला; गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होता.

मोडी कागद वाचून मिळेल का?

आमच्या दोन स्वयंसेवकांना मोडी वाचता येते, पण ते वाचन केवळ माहितीपुरते समजावे. न्यायालयीन किंवा महसुली कामासाठी जाणकार मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे. पुराभिलेख संचालनालयाचे नागपूर येथे अभिलेखागार आहे, तेथे चौकशी करता येते.

वस्तूची किंमत सांगाल का?

नाही.

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातील गावांची काय माहिती तुमच्याकडे आहे?

वैनगंगेवरील या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले आणि पुढील काही दशकांत भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांना उठावे लागले. मोबदला, भूखंड आणि नागरी सुविधा यांचे कागद कार्यालयांत आहेत. कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, विहिरीवरून कोणत्या वाटेने येत, पोळ्याचे तोरण कोठे बांधत, याचा कागद कोठेच नाही. म्हणून आम्ही प्रत्येक गावातील ज्येष्ठांना एकत्र बसवून गावाचा हातनकाशा काढून घेतो. नकाशावर घरे काढताना वाद होतात, आवाज चढतात, आणि त्या वादांतूनच उत्तम माहिती मिळते. त्यामुळे आम्ही मध्ये पडत नाही. दोन गटांचे एकमत झाले नाही तर दोन्ही नकाशे ठेवतो.

पडवीतील दारे याच गावांतून आली आहेत. पुनर्वसनाच्या भूखंडावरील सिमेंटच्या घरांना ती बसेनात, म्हणून काही लोकांनी ती विकली, काहींनी सरपणात घातली आणि काहींनी आमच्याकडे ठेवली. एका चौकटीच्या आतल्या बाजूला मुलांची उंची मोजून काढलेल्या खिळ्याच्या रेघा आहेत, खालच्या रेघांवर शेणा-मातीच्या सारवणाचा थर आहे. ही चौकट स्वच्छ करायची नाही, असा संग्रहालयाच्या समितीचा लेखी ठराव आहे.

माझ्याकडे वस्तू नाही, पण आठवणी आणि गाणी आहेत. त्यांचा उपयोग आहे का?

फार उपयोग आहे. पोळ्याच्या झडत्या, रोवणीची गाणी, भुलाबाईची गाणी, दंडारीतील गण, आणि जंगलातून तेंदूपत्ता व मोहफुले आणण्याच्या हकिकती आम्ही ध्वनिमुद्रित करतो. मुद्रण घरी किंवा शेतावर, सांगणाऱ्याच्या सोयीने होते. सांगणाऱ्याची संमती लेखी घेतली जाते, सही येत नसेल तर संमती ध्वनिमुद्रणातच नोंदवली जाते, आणि एक प्रत त्यांच्या कुटुंबाला मोबाइलवर दिली जाते. एखादा भाग आपल्या हयातीत कोणाला ऐकवू नये, असे सांगितल्यास तो ऐकवला जात नाही. सुनांना सासऱ्यांसमोर बोलता येत नाही, ही साधी गोष्ट लक्षात घेऊन बायकांच्या आठवणी बायकाच घेतात.

शाळेची सहल आणता येईल का?

अवश्य. खोल्या लहान असल्याने एका वेळी वीस-पंचवीस मुले आत जातात आणि बाकीची पडवीत कुडोने धान मोजतात. शिक्षकांनी आधी कळवावे आणि मुलांना घरून एक प्रश्न आजीला विचारून येण्यास सांगावे. डबा खाण्यासाठी समोर चिंचेची सावली आहे. पिण्याचे पाणी मात्र सोबत आणावे.

स्वयंसेवक व्हायचे असल्यास काय करावे लागते?

बाजाराच्या दिवशी येऊन बसावे. सुरुवातीला झाडलोट, पाहुण्यांची नोंद आणि पावसाळ्यात कवेलू फेरण्यास मदत, अशीच कामे मिळतात. अक्षर स्वच्छ असणाऱ्याला दाखल नोंदवही लवकर मिळते. संगणक येणारी मुले पुष्कळ येतात आणि त्यांचे स्वागतच आहे, पण म्हाताऱ्या माणसापुढे तासभर न बोलता बसू शकणारा माणूस आम्हाला अधिक हवा आहे.

पैशांच्या स्वरूपात मदत करता येईल का?

येईल, आणि प्रत्येक रकमेची पावती मिळेल. आयकराच्या सवलतीसाठी लागणारी नोंदणी आमच्या संस्थेने घेतलेली नाही, हे आधीच सांगतो. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी फळ्यावर लिहिला जातो. पैशांऐवजी आम्लरहित कागद, सुती कापड, काचेच्या कपाटाची दुरुस्ती किंवा जुनी कवेलू दिल्यास तीही तितक्याच आनंदाने स्वीकारली जातील. घरे पाडताना निघालेली हातघडणीची कवेलू हल्ली विकत मिळत नाहीत.

फलकावरील माहिती चुकीची वाटल्यास कोणाला सांगावे?

दाराजवळच्या वहीत वस्तूचा दाखल क्रमांक, आपले म्हणणे आणि ते आपल्याला कसे ठाऊक आहे, हे लिहावे. लिहिता येत नसेल तर तेथे बसलेला स्वयंसेवक लिहून घेईल. समिती महिन्यातून एकदा ही वही वाचते, गरज वाटल्यास संबंधित घरी जाते आणि फलक बदलायचा ठरल्यास जुना मजकूर खोडून न टाकता तारखेसह नोंदवहीत ठेवते. वहीत लिहिणाऱ्याने आपले गाव आणि मोहल्ला लिहायला विसरू नये, नाहीतर विचारायला जायचे कोठे हेच कळत नाही.